सरकत्या दारांची मोठी जुनी गाडी घ्यायची आहे: ठाणेकर, नवी मुंबईकर, जरा सांगा

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. घरात सात माणसं: आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि शिकायला आलेला पुतण्या. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. सध्याच्या हॅचबॅकचं मागचं दार पार्किंगमध्ये वीतभर उघडतं, म्हणून आईला गेटवर उतरवायचं आणि मग गाडी लावायची. गणपतीत राजापूरला जाताना दुसरी गाडी भाड्याने करावी लागते ती वेगळीच. तेव्हा सरकत्या दारांची मोठी गाडी घ्यावी असं डोक्यात बसलंय. नवी परवडणार नाही. जुनी, बावीस लाखांच्या आत, कमीत मिळाली तर उत्तमच. राहायला कासारवडवलीच्या अलीकडे, इमारतीत स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने एकावर एक गाड्या चढवायच्या. डिझेल चालेल. कोणाकडे अशी गाडी आहे का? दारं पुढे त्रास देतात का?

कृपया लगेच "इनोव्हा घ्या" लिहू नका.

चौथा_गिअर

इनोव्हा घ्या.

डिझेलदास

चौथ्या गिअरचं मनावर घेऊ नका, तो प्रत्येक धाग्यावर हेच लिहितो.

आपल्याकडे सरकत्या दारांच्या घरगुती गाड्या मुळात आल्याच थोड्या. मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, १९८४ पासून होती, २०१९ मध्ये बंद झाली. २००१ मध्ये व्हर्सा आली, जाहिरातीत बच्चन बापलेक असूनही चालली नाही. तिच्याच सांगाड्यावर २०१० मध्ये ईको आली आणि ती मात्र अजून धडाक्यात विकली जाते. २०१२ मध्ये निसान इव्हालिया आली, तिचीच भावंडं म्हणून अशोक लेलँडची स्टाइल. दोन्ही २०१५ च्या आसपास गेल्या. मग २०२० मध्ये किया कार्निव्हल आणि टोयोटा वेलफायर. वेलफायर ऐंशी लाखांच्या घरात होती, तुमच्या बजेटमध्ये तिची दारं येतील. टाटाची विंगर धरत नाही, ती शाळेची किंवा रुग्णवाहिकेची गाडी.

म्हणजे तुमच्यासाठी तीनच उरल्या: ईको, इव्हालिया, कार्निव्हल. तिघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्निव्हल आली तेव्हा एक्स-शोरूम २४.९५ ते ३३.९५ लाख होती. २०२३ मध्ये ती बंद झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी आली ती थेट ६३.९० लाखांना. त्यामुळे जुनीचा भाव फारसा पडत नाही. बावीसमध्ये मिळेल, पण सुरुवातीची, बऱ्यापैकी पळालेली.

घोडबंदरी

धन्यवाद, डिझेलदास. ईकोचा विचार केला नव्हता. सात सीटची येते ना?

डिझेलदास

जुन्यांत येते, पण सातही जण बसले की सामानाला जागा नाही. बॅगा टपावर बांधून राजापूर गाठायचं. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने लांबच्या प्रवासात बूड गरम होतं. आणि २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली तेव्हा शून्य तारे मिळाले होते. नंतरच्या गाड्यांत एअरबॅग आल्या, पण जुन्या बाजारात तुम्हाला बहुतेक आधीच्याच दिसतील. गावात दुकान चालवायला, माल आणायला तिच्यासारखी गाडी नाही. आई-बाबांना घेऊन काशेडी घाट ओलांडायला मी तरी सांगणार नाही.

चौथा_गिअर

अवांतर: हिंदी सिनेमातली अपहरणं ओम्नी बंद झाल्यापासून कशी होतात? दार सर्रकन सरकलं, माणूस आत, दार बंद. इनोव्हात हे जमत नाही, एवढं मान्य करतो.

पार्किंग_पीडित

ऐरोलीहून. गाडीचं राहू द्या, आधी टेप घेऊन खाली जा. स्टॅक पार्किंगच्या खांबावर एक पाटी असते, तिच्यावर गाडीची जास्तीत जास्त लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. ती वाचा आणि मग हे आकडे पाहा. कार्निव्हलची लांबी ५११५ मिलिमीटर आणि रुंदी १९८५, तीही आरसे सोडून. इनोव्हा क्रिस्टाची रुंदी १८३०, इव्हालियाची १६९५, ईकोची १४७५.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. सरकती दारं फक्त मागे असतात. पुढची दोन दारं नेहमीसारखीच बाहेर उघडतात. अडीच मीटर रुंदीच्या जागेत कार्निव्हल अगदी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना पंचवीस सेंटीमीटर उरतात. आई, मुलं मागून आरामात उतरतील. चालवणारा कसा उतरणार? पुढची सीट मागे ढकलून मधल्या रांगेतून? मी आमच्या सोसायटीत एका गृहस्थांना हे करताना रोज पाहतो, फार केविलवाणं दिसतं.

आणि जागा साधारण पाच मीटर लांब आखलेली असते. गाडी त्याहून साडेअकरा सेंटीमीटर लांब. पुढचं नाक रस्त्यात राहिलं की सेक्रेटरीचं पत्र आलंच म्हणून समजा.

घोडबंदरी

पाटी वाचून आलो. रुंदी १८५०, उंची १५५० खाली आणि वर त्याहून थोडी जास्त. म्हणजे कार्निव्हल रुंदीत बाद आणि इव्हालिया उंचीत. ईकोसुद्धा उंचीत बाद. हे माहीतच नव्हतं, सात वर्षं तिथेच गाडी लावतोय.

चौथा_गिअर

इनोव्हासुद्धा उंचीत बाद. मी शब्द मागे घेतो, तुम्ही घर बदला.

नौपाड्याची_मावशी

मी अशा पेशंट्सना रोज व्यायाम देते म्हणून लिहिते आहे. दार कसं उघडतं हा प्रश्न दुसरा. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या माणसाला आधी पाठमोरं बसायचं असतं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. त्यासाठी बसायची जागा साधारण मांडीच्या उंचीला हवी, आत पाय फिरवायला जागा हवी आणि हाताला धरायला दांडी हवी. पाय उचलून वर चढायला लागलं, वरून डोकंही वाकवायला लागलं, की अर्धी हिंमत तिथेच जाते. म्हणून जुनी इनोव्हा किंवा क्रिस्टा या माणसांना जड जाते, तिची फरशी उंच आहे. नव्या इनोव्हा हायक्रॉसची बैठक त्यामानाने खाली.

खरं सांगायचं तर अशा माणसाला पुढची सीट सगळ्यात सोयीची. मागे पूर्ण ढकलता येते, पाय मोकळे. मग सरकत्या दाराचा आईंना उपयोग काय?

घोडबंदरी

मावशी, तुमचं पटतंय, पण आई पुढे बसत नाही. पुढे बाबा बसतात. चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे, मी मोडू शकत नाही. शिवाय आईला मुलं शेजारी हवी असतात, डबा तिच्याकडे असतो.

नौपाड्याची_मावशी

मग प्रश्नच मिटला. आईंना गाडी बघायला सोबत न्या. दुकानात शोभेसाठी लावलेल्या गाडीत नाही, रस्त्याच्या कडेला, फूटपाथ नसलेल्या जागी बसून-उतरून बघू दे. फूटपाथवरून चढताना सगळ्या गाड्या सोप्या वाटतात.

खारघर_राघू

आमच्याकडे २०२१ ची कार्निव्हल आहे, जुनीच घेतली. गाडी म्हणून काय सांगू, लांबच्या प्रवासाला तोड नाही. मधल्या रांगेत दोन वेगवेगळ्या सीट्स, मधून चालत तिसऱ्या रांगेत जाता येतं, कोणाला उठवावं लागत नाही. तिन्ही रांगा भरल्या तरी मागे ५४० लिटरची डिकी उरते, कारण मागे खोल खड्डा आहे. सामान नसेल तेव्हा तिसरी रांग त्याच खड्ड्यात झोपते. इनोव्हावाल्यांनी हे एकदा बघावं.

दारांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. विजेवर चालणारी दारं असतात, किल्लीवरून, हँडलवरून, पुढच्या बटणावरून उघडतात. मध्ये हात आला तर थांबून मागे जातात. जुनी गाडी बघताना दोन्ही दारं पुन्हा पुन्हा उघडा, इंजिन चालू आणि बंद दोन्ही वेळी. मग वीज बंद करून हाताने सरकवून बघा. हाताने जड जात असेल तर रोलर गेलेले किंवा खालच्या रुळात खडी-माती. आवाज ऐका: कुरकुर असेल तर सफाईने भागेल, मध्येच खटका बसत असेल तर केबल किंवा मोटरचं काम निघेल आणि ते स्वस्त नाही. चढावर गाडी उभी करूनही एकदा उघडा, येऊरच्या रस्त्याला जा. तिथे अर्ध्यावर रेंगाळणारं दार सपाटीवर निमूट चालतं आणि विकणारा सपाटीवरच दाखवतो. बॅटरी थकलेली असली तरी दारं चावटपणा करतात, त्यामुळे आधी बॅटरीचं वय विचारा.

पावसाळ्यात चिखल खालच्या रुळात जातो. दर काही दिवसांनी जुन्या टूथब्रशने साफ करायचा, एवढंच. ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटते.

आता तोटे. चाकांमधलं अंतर ३०६० मिमी, त्यामुळे सोसायट्यांचे उंच गतिरोधक पोटाला घासतात, तिरकी घ्यावी लागते. चाकं १८ इंची, टायर महाग. शहरात दहा-अकराच्या वर मायलेज विसरा. राम मारुती रोडच्या गर्दीत ही गाडी घेऊन जाऊ नका, एवढीच हात जोडून विनंती.

डिझेलदास

राघूंच्या यादीत एक भर. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती साफ व्हायला गाडी सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. मुलांना शाळेत सोडलं, भाजी आणली, पुन्हा घोडबंदरच्या कोंडीत अर्धा तास, असंच वापरणार असाल तर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला तर दुर्लक्ष न करता नाशिक हायवेला एक फेरी मारून या.

आणि इव्हालिया इतक्या लवकर बाद करू नका. ती म्हणजे बाहेरच्या देशातली निसान एनव्ही२००. न्यूयॉर्कने २०११ मध्ये आपली पुढची टॅक्सी म्हणून जी निवडली तीच. फरशी खाली, दारं दोन्ही बाजूंना, हाताने सरकवायची, म्हणजे मोटर जळण्याचा प्रश्न नाही. इंजिन १.५ डिझेल, डस्टर, सनी, टेरानोमध्ये तेच, त्यामुळे त्याचे पार्ट आणि मेकॅनिक दोन्ही मिळतात. बॉडीचे पार्ट मात्र शोधावे लागतात. दाराचा रोलर, बाजूची काच, मागचा दिवा फुटला की भंगार बाजाराचे फेरे. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये मधल्या रांगेच्या काचा उघडतच नाहीत, ते बघून घ्या. एसी बंद पडला तर मागच्यांचे हाल. पण चार लाखांच्या आत अख्खी गाडी येते.

फॉर्म_तीस

कागदांचं मी बघतो.

इव्हालिया २०१३ ची असेल तर नोंदणीची पंधरा वर्षं २०२८ मध्ये संपतात. पुढे आरटीओत फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी मिळते, तिची सरकारी फी २०२२ पासून पाच हजार आहे, वर आपल्या राज्याचा हरित कर. अशक्य काही नाही, पण चार लाखांत गाडी पडली असं म्हणताना हे धरा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे नव्या सुरक्षा नंबरप्लेटही लावलेल्या हव्यात, ते विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

कार्निव्हल बघताना नंबर बघा. दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्तात येत आल्यात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी होती. राष्ट्रीय हरित लवादाचा (एनजीटी) आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला आणि २०२५ मध्ये सैल केला. आपल्याकडे तशी बंदी नव्हती, म्हणून दलाल त्या गाड्या उचलत. पण तिथलं ना-हरकत आणायचं, इथला रोड टॅक्स भरायचा. डिझेल आणि मूळ किंमत वीस लाखांवर असेल तर आपल्याकडे १५ टक्क्यांचा टप्पा होता, वयाची सूट जाऊन उरेल तो तुमच्या खिशातून. स्वस्त गाडी तिथेच महाग होते. एमएच-०४, ४३, ४६ (ठाणे, वाशी, पनवेल) वाली मिळाली तर डोकेदुखी कमी.

बऱ्याच कार्निव्हल कंपनीच्या नावावर आहेत. सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा कंपनीचा ठराव मागा, नाहीतर ट्रान्सफर अडकतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र आणि फॉर्म ३५. बाकी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० नेहमीचेच. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो, दलाल काहीही सांगो. आणि परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून चलानं बघा. मोठ्या गाड्यांवर वेगाची चलानं मोठ्या मनाने साठवलेली असतात.

खाडीपलीकडची

मी ही चर्चा वाचत होते. मी घोडबंदरींची बायको. ते रोज ठाणे स्टेशनहून लोकलने जातात, गाडी मी चालवते. हे धाग्यात कुठेच आलं नाही म्हणून नवं खातं काढलं.

तर माझ्या अटी. ऑटोमॅटिक हवी, मानपाड्याच्या सिग्नलला क्लच दाबून डावा पाय गेलाय. पार्किंगमध्ये पुढच्या दारातून उतरता आलं पाहिजे, सीटवरून उड्या मारणार नाही. आणि मुलांनी उजव्या दाराला हात लावायचा नाही, याची सोय हवी. सरकतं दार उघडताना बाहेर येत नाही, म्हणून मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसतच नाही आणि पोरगं थेट रस्त्यावर उडी मारतं. नेहमीचं दार निदान दिसतं तरी.

पार्किंग_पीडित

वहिनी, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. उजव्या दाराचं चाइल्ड लॉक कायम लावून ठेवा, आतून उघडणार नाही. जागेबद्दल: सोसायटीत पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या सपाट मजल्यावर, कोपऱ्याची जागा असलेल्या कोणाशी अदलाबदल होते का बघा. छोटी गाडीवाला असेल तर त्याला स्टॅक चालतो. कमिटीचं लेखी पत्र घ्या, तोंडी नको. आणि चालकाच्या बाजूला भिंत नसलेला कोपरा निवडा.

घोडबंदरी

घरात चर्चा झाली. (धागा आधी दाखवायला हवा होता, असं मला सांगण्यात आलं.) शनिवारी आई-बाबांसकट वाशीला एक इव्हालिया आणि नेरूळला एक कार्निव्हल पाहिली.

इव्हालिया २०१४ ची, दुसरा मालक. आई विनासायास बसली, मावशींनी सांगितलं तशी पाठमोरी. उतरलीही स्वतःची स्वतः. दार तिने स्वतः सरकवलं आणि हसली. बाबांना मात्र पुढची सीट ताठ वाटली. गाडीखाली गंज होता, डाव्या दाराचा वरचा रोलर बदललेला, आवाज करत होता. मालकाने सांगितलं की रोलर मिळवायला त्याला बराच फिरावं लागलं.

कार्निव्हल २०२१ ची, सात सीटची, एमएच-४३, पहिला मालक, सगळी सर्व्हिस एकाच ठिकाणी, मागणी बावीसच्या वर. दारं सहा-सात वेळा उघडली, चढावरही, पामबीच रोडजवळ एका चढाला थांबून. मुलं तर उतरेचनात. आईला चढताना जरा वेळ लागला, "देवळाच्या पायरीसारखी आहे" म्हणाली, पण दाराजवळची दांडी धरून चढली. तिला सीटचे हात टेकायचे दांडे आवडले. खाली एक घडीची पायरी ठेवली तर जमेल असं तिचंच म्हणणं. बाबा पुढे बसले आणि बोललेच नाहीत, म्हणजे पसंत.

नौपाड्याची_मावशी

घडीची पायरी घ्याल ती रुंद आणि खाली रबर असलेली घ्या. प्लॅस्टिकचं बाथरूमचं स्टूल वापरू नका, ओल्या रस्त्यावर सरकतं. पायरी ठेवायचं काम पुतण्याकडे.

फॉर्म_तीस

पहिला मालक आणि एमएच-४३, चांगलं आहे. सर्व्हिसच्या नोंदीतले किलोमीटर क्रमाने वाढतायत का तेवढं ताडून पाहा, मीटर मागे फिरवणारे कमी नाहीत. सीटबेल्टचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा, खालच्या भागावर पाण्याची रेघ असेल तर गाडी पुरात होती. सीटखालचा लोखंडी भागही बघा.

खाडीपलीकडची

पट्टे ओढले, स्वच्छ आहेत. नोंदीही जुळल्या. मी कार्निव्हल एकदा पामबीचवर आणि एकदा नेरूळच्या आतल्या गल्ल्यांत चालवली. समोरून रिक्षा आली तेव्हा मीच थांबले. लांबी अंगवळणी पडेल, रुंदीचं अजून सांगता येत नाही.

जागेचं: तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पोडियमची कोपऱ्याची जागा आहे आणि त्यांची गाडी छोटी. ते तयार आहेत, पण त्यांच्या मुलाला विचारणार. कमिटीची बैठक पुढच्या रविवारी. तोपर्यंत टोकन दिलेलं नाही, मालकाला तसं सांगितलंय. साडेएकवीसवर तो येईल असं वाटतंय.

खारघर_राघू

साडेएकवीसला आला तर घ्या. घेतल्यावर पहिल्या महिन्यात एकदा आमच्याकडे या, दोन्ही दारांचे रूळ कसे साफ करायचे ते दाखवतो. वहिनींना रुंदीचा सराव सेंट्रल पार्कच्या बाजूच्या रस्त्यावर सकाळी लवकर छान होईल.

चौथा_गिअर

कमिटीने नाही म्हटलं तर? विचारतोय फक्त.

खाडीपलीकडची

तर हायक्रॉस बघू, पोडियमवर दुसरी एक जागा भाड्याने मिळतेय, पण तिच्या दोन्ही बाजूंना खांब. तुम्ही आनंद मानू नका.

कळव्याचा_आचारी

मधेच घुसतो. ती वाशीची इव्हालिया अजून आहे का? मागची सीट काढून भांडी आणि गॅसच्या शेगड्या न्यायच्या आहेत, रोलरचं मी माझं बघतो. किती मागतोय?

घोडबंदरी

आहे. साडेतीन म्हणतोय, तीनला देईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.